सही कोणाची?

मुलावर शस्त्रक्रिया करायची वेळ आली, की इस्पितळात आधी संमतीचा कागद पुढे येतो. घर एकत्र असेल तर आई सही करो वा वडील, कोणी हटकत नाही. नवराबायको वेगळी राहात असली म्हणजे मात्र सही कोणाची, असा प्रश्न पडतो. हा प्रश्न जुना आहे.

कॅरोलाइन नॉर्टन ही इंग्लंडातील नावाजलेली लेखिका. 1836 साली तिचे नवऱ्याशी फाटले आणि त्याने तिन्ही मुलगे तिच्यापासून दूर नेले. तेव्हाच्या कायद्याने मूल बापाचे. आईला नुसत्या भेटीचाही हक्क नव्हता. बाईंनी पत्रके लिहिली, पार्लमेंटातील मंडळींची मने वळवली, आणि 1839 साली सात वर्षांखालील मुलांचा ताबा न्यायालयाकडे मागण्याची मुभा आईला मिळाली. पण हा कायदा स्कॉटलंडात चालत नव्हता, आणि मुले नेमकी तेथे पाठविलेली! पुढे 1842 साली धाकटा विल्यम घोड्यावरून पडला. जखम चिघळली. आईला निरोप गेला तो उशिरा. ती पोचली तेव्हा मूल गेलेले होते. उपचार काय करावा, हे तिला कोण विचारणार?

आपल्याकडे 1860 च्या दंडसंहितेने एक शहाणपण दाखविले होते. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी सद्भावाने केलेल्या गोष्टीस पालक, किंवा मूल ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे तो माणूस, संमती देऊ शकतो, असे तिच्यात होते. 2024 साली नवी न्यायसंहिता आली, तिच्यातही ते आहे. मात्र 1956 च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्याने नैसर्गिक पालक ठरविला तो बाप, आणि ‘त्याच्यानंतर’ आई. पाच वर्षांपर्यंतचे मूल सामान्यतः आईपाशी असावे, हेही त्याच कलमात. म्हणजे मूल आईच्या कडेवर आणि कागदावर नाव बापाचे!

जिजाबाई गजरे यांच्या खटल्यात नवरा हयात होता, पण कित्येक वर्षे वेगळा राहून मुलीकडे पाहातही नव्हता. तेव्हा आईच पालक, असे सर्वोच्च न्यायालयाने 1970 साली मानले. पुढे गीता हरिहरन (याही लेखिकाच!) यांनी मुलाच्या नावाने रोखे घेताना पालक म्हणून स्वतःची सही केली, ती चालेना, म्हणून त्या न्यायालयात गेल्या. 1999 साली निकाल लागला. ‘नंतर’ म्हणजे बापाच्या मृत्यूनंतर नव्हे, त्याच्या अभावी. तो बेफिकीर असेल, दूर असेल, आजारी असेल, किंवा दोघांनी तसे ठरविले असेल, तर त्याच्या हयातीतही आई पालक.

कलमातला ‘नंतर’ मात्र अजून तसाच छापला जातो.