भाजलेल्या जखमेत औषधांना दाद न देणारे जंतू

भाजल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सलाईन, लघवीचे प्रमाण आणि श्वास सांभाळण्यात जातात. आठवडाभरात रुग्ण बोलू लागतो, घरच्यांचा जीव जरा भांड्यात पडतो. आणि मग एके दिवशी डॉक्टर सांगतात, "जखमेत जंतू सापडलेत आणि ते बऱ्याच औषधांना रेझिस्टंट आहेत." एवढी महागडी इंजेक्शने चालू असताना हे कसे झाले, असा प्रश्न तुम्हाला पडला तर तो रास्तच आहे.

त्वचा ही शरीराची तटबंदी. ती जळाली की आतला ओलसर, प्रथिनांनी भरलेला भाग उघडा पडतो. शिवाय खोल भाजल्यावर शरीराची प्रतिकारशक्तीही खालावते. सुरुवातीला जखमेवर वाढतात ते बहुधा रुग्णाच्याच त्वचेवरचे जंतू, उदाहरणार्थ स्टॅफिलोकोकस. साधारण आठवड्यानंतर स्यूडोमोनास, असिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला यांसारखे जंतू दिसू लागतात. यांतले काही रुग्णाच्या आतड्यातून येतात, काही रुग्णालयातल्या पृष्ठभागांवरून किंवा हातांवरून. असिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावरही अनेक दिवस जिवंत राहतो. स्यूडोमोनासला ओल आवडते, त्यामुळे तो नळ, सिंक अशा जागी सापडतो. त्याच्यामुळे ड्रेसिंगवर हिरवट डाग पडू शकतात.

हे जंतू अनेक अँटिबायोटिक्स पचवून बसलेले असतात. काही औषध फोडणारे एन्झाइम तयार करतात, काही आत शिरलेले औषध बाहेर फेकतात. रुग्णालयात सतत औषधांचा मारा असतो, त्यात साधे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. म्हणूनच "डॉक्टर, पहिल्या दिवसापासून सगळ्यात भारी अँटिबायोटिक द्या" हा आग्रह धरू नका. संसर्गाची लक्षणे नसताना केवळ खबरदारी म्हणून शिरेतून अँटिबायोटिक देणे बहुतेक जळीत रुग्णांत टाळले जाते, ते याचसाठी. हा हलगर्जीपणा नव्हे.

कल्चर रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्टमध्ये जंतूच्या नावाखाली औषधांची यादी असते. 'एस' म्हणजे औषध लागू पडेल, 'आर' म्हणजे पडणार नाही. 'आर'ची रांग पाहून घाबरायला होते, पण आधी एक प्रश्न विचारा: जंतू फक्त जखमेवर आहेत की शरीरात संसर्ग झाला आहे? मोठ्या जखमेवर जंतू सापडणे जवळजवळ ठरलेलेच. नुसत्या स्वॅबवरून इंजेक्शन सुरू करायचे नसते. तापाचेही तसेच. मोठ्या भाजण्यानंतर शरीराची चयापचय क्रिया इतकी वाढते की संसर्ग नसतानाही अंग तापलेले राहू शकते.

खरी काळजी करायची ती रुग्ण अचानक बरळू लागला, झोपाळू झाला, श्वास जलद झाला, लघवी कमी झाली, पोट फुगले, नळीतून दिलेले अन्न पचेनासे झाले किंवा अंग एकदम गार पडले तर. जखमेत नवे काळपट डाग दिसणे, लावलेली त्वचा निसटणे हेही धोक्याचे. यांतले काही दिसले तर राऊंडची वाट पाहू नका, लगेच सिस्टरांना सांगा. रुग्णाजवळ बसणाऱ्याला असा बदल कित्येकदा आधी कळतो.

संसर्ग ठरला की रिपोर्टनुसार औषध निवडले जाते. कधी कोलिस्टिनसारखे जुने औषध वापरावे लागते. मूत्रपिंडाला त्रास होतो म्हणून ते मागे पडले होते, पण आता पर्याय कमी झाल्याने परत आले आहे. ते चालू असताना क्रिएटिनिनची तपासणी वारंवार होते.

ऑपरेशनला उशीर करू नका

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खोल जळालेल्या त्वचेचा मृत थर जागेवर राहतो, तेव्हा त्यात रक्तपुरवठा नसतो. रक्तच पोहोचत नाही तिथे शिरेतून दिलेले औषध पोहोचणार कसे? त्या थरात जंतू निवांत वाढतात. म्हणून तो लवकर काढून टाकणे आणि जखम त्वचेने झाकणे हा संसर्ग रोखण्याचा भक्कम उपाय आहे. "आधीच एवढा अशक्त झालाय, चार दिवस जाऊ द्या" असे म्हणत नातेवाईक संमती लांबवतात. त्यामागची माया कळते, पण प्रत्येक दिवस जंतूंच्या पथ्यावर पडतो. सर्जनने ऑपरेशन आताच का सुचवले आहे ते नीट विचारून घ्या आणि निर्णय लवकर द्या.

स्वतःची त्वचा पुरेशी उरली नसेल तर मरणोत्तर दान केलेली त्वचा तात्पुरती वापरता येते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे. तुमच्या रुग्णासाठी तिथली त्वचा मिळू शकेल का, हे डॉक्टरांना विचारा.

तुम्ही काय करू शकता

आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवा किंवा सॅनिटायझर लावा. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. ड्रेसिंगला हात लावू नका. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला प्रेमापोटी पाणी पाजायला गेलात तर मधे पुन्हा हात धुवा. एकच माणूस ठरवून भेटीला ठेवणे बरे. फुलांचा गुच्छ नको, फुलदाणीतले पाणी जंतूंचे घर असते.

जेवणाकडे मात्र लक्ष द्या. भाजलेल्या माणसाला प्रथिने नेहमीपेक्षा कितीतरी जास्त लागतात. आहारतज्ज्ञांनी सांगितलेली अंडी, दूध, डाळ, पनीर ठरल्या प्रमाणात पोटात गेली पाहिजेत. "भाजलेल्याला अंडे देऊ नये, जखम चिघळते" हा समज चुकीचा आहे.

घरी सोडताना जखमेवर असे जंतू असले तरी रुग्णाला वेगळे टाकायची गरज नसते. निरोगी माणसांना त्यांचा त्रास सहसा होत नाही. ड्रेसिंगनंतर हात साबणाने धुवावेत आणि रुग्णाचा टॉवेल वेगळा ठेवावा. घरात तान्हे बाळ, केमोथेरपी घेणारे किंवा डायलिसिसवर असलेले कोणी असेल, तर डिस्चार्जच्या आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला.