रआद मासा, शॉक आणि आपली अंगदुखी

आमच्या अर्धापूरकडे 'मी उदास आहे' असे सहसा कुणी म्हणत नाही. 'अंग दुखतं', 'डोकं जड झालंय', 'हातपाय गळून गेलेत' असे म्हणतात. दख्खनी बोलणाऱ्या घरांत 'बदन टूटरा' म्हणतात. त्यावर गोळी मिळते, इंजेक्शन मिळते, सलाईन लागते. एवढ्याने भागले नाही की ताईत आणि दर्गा. झोप का उडाली, जेवणावरची वासना का गेली, हे विचारायचे राहूनच जाते. कुणी मानसोपचारतज्ज्ञाचे नाव काढलेच तर घरचे दचकतात, 'तिथं शॉक देतात!'

या भीतीमागे जुना इतिहास आहे. तो आपण नीट वाचला पाहिजे.

विजेने दुखणे शमवायची कल्पना वीज सापडण्यापूर्वीची आहे. पहिल्या शतकात रोममधला वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीसाठी आणि सांध्यांच्या दुखण्यासाठी झटका देणारा जिवंत समुद्री मासा वापरायला सांगत असे. अरबीत अशा माशाला 'रआद' म्हणतात. 'रअद' म्हणजे ढगांचा गडगडाट. कुरआनच्या तेराव्या सूरहचे नावही तेच. अरबी वैद्यकातही डोकेदुखीवरचा इलाज म्हणून हा मासा येतो.

त्याच परंपरेत अबू ज़ैद अल-बल्खी होऊन गेले. इ.स. 934 मध्ये ते वारले. 'मसालिह अल-अबदान वल-अनफुस' या ग्रंथात त्यांनी देह आणि नफ्स यांचा एकत्र विचार केला. देह आजारी पडला की मन कोमेजते आणि मन आजारी पडले की देहाला कशातच गोडी वाटत नाही, अशी त्यांची मांडणी. दुःखाचेही त्यांनी दोन प्रकार केले. एक, ज्याचे कारण माणसाला माहीत असते. दुसरे, कारण न कळता येणारे. त्याचे मूळ देहात असते आणि त्यावर देहाचाही इलाज करावा लागतो. उदासीला 'ईमान कमजोर' म्हणून हिणवणाऱ्यांनी हे हजार वर्षांपूर्वीचे लिखाण जरूर वाचावे.

पुढे 1801 मध्ये इटलीतील बोलोन्या येथे जोव्हान्नी आल्दिनी यांनी विषण्णतेने ग्रासलेल्या एका शेतकऱ्याच्या डोक्याला बॅटरीची वीज लावून पाहिली. 1938 मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी विजेने झटका आणण्याचा उपचार सुरू केला. आपल्या मनातला 'शॉक' तो हाच. सुरुवातीला तो भूल न देता दिला जाई. रुग्णांची हाडेही मोडत. भीती जन्मली ती तिथे, आणि ती खोटी नव्हती. पण आता भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध न देता असा उपचार करायला आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी घातली आहे. तीव्र नैराश्यात तो आजही जीव वाचवतो. याच कायद्याने रुग्णाला साखळीने बांधणेही बंद केले. 2001 साली तमिळनाडूतील एरवाडी दर्ग्याजवळच्या आश्रमाला आग लागली, तेव्हा साखळ्यांत अडकलेले 28 रुग्ण मेले. ते आपण विसरता कामा नये.

1985 मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर यांनी वेगळी वाट काढली. डोक्यावर तारेचे वेटोळे धरायचे, चुंबकीय स्पंदने सोडायची आणि त्यातून मेंदूच्या वरच्या थरात सूक्ष्म प्रवाह निर्माण करायचा. भूल नको, झटका आणायचा नाही. रुग्ण जागा असतो. अमेरिकेत 2008 मध्ये नैराश्यासाठी या उपचाराला मान्यता मिळाली. नैराश्यासाठी बहुधा कपाळामागचा डावा भाग निवडतात, जुन्या दुखण्यासाठी हालचालींचा भाग. म्हणजे बल्खींनी जोडलेले दोन धागे एकाच यंत्राखाली आले. तरी ही जादू नव्हे. नैराश्यात उपयोगाचा पुरावा चांगला आहे. दुखण्यावरचा आराम अनेकदा थोडाच काळ टिकतो. शिवाय आठवड्यातले पाच दिवस, चार ते सहा आठवडे जावे लागते. केळीच्या बागेत रोजाने जाणाऱ्या बाईने एवढे दिवस कुठून आणायचे?

निजामाच्या काळात मनोरुग्णालय आपल्या जालन्याला होते. 1953 मध्ये ते हैदराबादच्या एर्रागड्ड्याला गेले. पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आला, रुग्णालय तिकडेच राहिले. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याची पाटी कोरी. आता जालन्यात नवे उभारण्याचा निर्णय झाला आहे. तो कागदावर राहू नये, हे मागणे आपण लावून धरले पाहिजे.

तोवर एवढे करता येईल. महिनोन्महिने अंग दुखते, तपासण्यांत काही निघत नाही आणि झोप-भूकही गेली आहे, अशा माणसाला नांदेडच्या विष्णुपुरीतील शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. सरकारच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते. दुआ जरूर करा. दवेला मात्र उशीर करू नका.