श्रमजन्य उष्माघात

कठोर श्रमात शरीरात तयार होणारी उष्णता बाहेर पडण्यापेक्षा वेगाने साठत गेली, गाभ्याचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर गेले आणि त्यासोबत मेंदूचे कार्य बिघडले, की त्या जीवघेण्या अवस्थेला श्रमजन्य उष्माघात म्हणतात. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या उष्माघाताला बहुधा वृद्ध, आजारी माणसे आणि लहान मुले बळी पडतात. हा मात्र तरुण, धडधाकट, कसून सराव केलेल्यांना गाठतो. लष्करी निवडीची संचलने, पोलीस भरतीच्या मैदानी चाचण्या आणि लांब पल्ल्याच्या शर्यती ही त्याची नेहमीची ठिकाणे होत.

कारणे : स्नायू वापरतात त्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा हालचालीत खर्च होतो, उरलेल्याची उष्णता होते. रक्त ती त्वचेकडे आणते आणि घाम सुकताना ती बाहेर पडते. दमट हवेत घाम नुसता ओघळतो, सुकत नाही. पाठीवरचे ओझे आणि जाड गणवेश यांमुळे अडचण आणखी वाढते. स्नायू आणि त्वचा दोघांनाही रक्त पुरवताना आतड्यांचा रक्तपुरवठा घटतो, त्यांचे अस्तर कमजोर होते आणि जिवाणूंची विषे रक्तात शिरतात. पुढे स्नायुपेशी फुटतात, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, यकृत व मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात.

सराव आणि धोका : सरावाने हृदयाची क्षमता वाढते, घाम लवकर सुटू लागतो, तरी धोका टळत नाही. सरावलेला धावपटू अधिक वेग घेतो आणि वेगासोबत उष्णताही वाढते. उष्ण हवेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. थंड हवेत केलेला सराव तिथे पुरत नाही. आदल्या रात्रीचे जागरण, नुकताच येऊन गेलेला ताप, जुलाब किंवा उत्तेजक द्रव्ये यांमुळे धोका वाढतो. दूरच्या गावाहून रात्रभर प्रवास करून पहाटे मैदानावर उभा राहणारा उमेदवार यांतले बरेच काही सोबत घेऊन येतो. त्यात भर जिद्दीची. ही संधी हुकली तर वय निघून जाईल, या धास्तीने तो शरीराचे इशारे दाबून धावत राहतो.

लक्षणे व निदान : चाल अडखळणे, असंबद्ध बोलणे, चिडचिड, दिशा न कळणे आणि अखेर बेशुद्धी, असा क्रम दिसतो. त्वचा कोरडी असेलच असे नाही. बहुतेकदा ती घामाने भिजलेली असते. काखेतले तापमान फसवे ठरते. गुदमार्गातले मोजावे लागते. अंतिम रेषा ओलांडून थांबल्यावर आलेली घेरी बहुधा पायांत रक्त साचल्यामुळे असते आणि आडवे झोपवून पाय उंच धरल्यावर ओसरते. धावता धावताच कोसळणे अधिक गंभीर समजावे. श्वास थांबला असेल तर हृदय बंद पडले असे मानून लगेच छातीदाब सुरू करावा. सिकलसेलच्या वाहकांत तीव्र श्रमाने पाय गळतात, पण सुरुवातीला शुद्ध असते. विदर्भात आणि नंदुरबार भागात हे वाहक मोठ्या संख्येने असल्याने तिथल्या प्रशिक्षकांना याची माहिती हवी.

घटना : १३ जुलै २०१३ रोजी वेल्समधील ब्रेकन बीकन्स डोंगरांत ब्रिटिश विशेष दलाच्या निवडीसाठी सुमारे २६ किलोमीटरचे संचलन झाले. कडक उन्हात, पाठीवर जड ओझे घेऊन चाललेले राखीव दलाचे तीन सैनिक कोसळले. दोघे त्याच दिवशी दगावले, तिसरा काही दिवसांनी रुग्णालयात. त्यांच्या अंगावर माग काढणारी यंत्रे होती, तरी ते एका जागी थांबल्याचे वेळेत कुणाच्या लक्षात आले नाही. २०१५ मधील मृत्यूचौकशीत हलगर्जीचा ठपका ठेवण्यात आला. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीत काही उमेदवारांचे मृत्यू झाले. २०२४ मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीत दहा किलोमीटर धावताना दहाहून अधिक उमेदवार दगावले आणि चाचणी काही दिवस थांबवावी लागली. भरतीतल्या अशा मृत्यूंची कारणे एकच नसतात; चाचणीची वेळ, हवा आणि जागेवरची मदत हे प्रश्न मात्र प्रत्येक वेळी पुढे येतात.

उपचार : आधी थंड करा, मग हलवा, हा नियम आहे. रुग्णाला बर्फ घातलेल्या पाण्याच्या टबात मानेपर्यंत बुडवून अर्ध्या तासाच्या आत तापमान उतरवावे. टब नसेल तर बर्फाच्या पाण्यात भिजवलेली फडकी अंगभर सतत बदलत राहावीत. अमेरिकेतील फालमथ शर्यतीत १८ वर्षांत अशा २७४ रुग्णांवर जागीच शीतस्नानाचा उपचार झाला, सगळे वाचले.

प्रतिबंध : तापमान, आर्द्रता, ऊन आणि वारा एकत्र मोजणारा डब्ल्यूबीजीटी निर्देशांक १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन दलाच्या प्रशिक्षणासाठी तयार झाला. तो मर्यादेपलीकडे गेला की चाचणी पुढे ढकलावी. उमेदवारांना विश्रांती, सावली आणि पाणी द्यावे. आजार सांगणाऱ्याला दुसरी तारीख द्यावी. हा मृत्यू बव्हंशी टाळता येतो. म्हणून ज्या मैदानावर बर्फ, टब, तापमापक आणि प्रशिक्षित माणूस नाही, तिथे उमेदवारांची धाव घेऊ नये.