हौशी क्लब : वेल्सचे आणि कोल्हापूरचे

आपला नगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सगळ्यात मोठा. १७,०४८ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेत ४५ लाखांवर माणसं. (आता तो अहिल्यानगर झाला, पण तोंडात अजून नगरच येतं.) वेल्स हा अख्खा देश आपल्या जिल्ह्यापेक्षा थोडासाच मोठा आहे आणि माणसं तर आपल्याहून कमी, ३१ लाखांच्या आसपास. एवढ्याशा देशात रग्बीचे सुमारे तीनशे क्लब आहेत. म्हणजे पाथर्डी-शेवगाव तर सोडाच, पार मिरी-तिसगावलाही स्वतःचा क्लब, स्वतःचं मैदान आणि स्वतःच्या रंगाची जर्सी!

रग्बी मला फारशी कळत नाही. पण एखादं गाव शंभर-सव्वाशे वर्षं एक क्लब चालवतं कसं, पोरं जातात, म्हातारे मरतात, आणि तरी दर शनिवारी पंधरा जण मैदानात उतरतात कसे, या प्रश्नाने मला धरून ठेवलं आहे.

वेल्सचा सगळ्यात जुना क्लब नीथ गावचा, १८७१ सालचा. त्याच गावातल्या एका हॉटेलात १८८१ मध्ये अकरा क्लबांनी मिळून देशाची रग्बी संघटना काढली. दक्षिण वेल्समध्ये तेव्हा कोळशाच्या खाणी आणि लोखंडाचे कारखाने जोरात होते. आठवडाभर खाणीत उतरायचं, शनिवारी दुपारी खेळायचं, रविवारी चर्चमध्ये गायचं. खेळाडूही तेच, प्रेक्षकही तेच, आणि वर्गणी काढणारेही तेच.

नियम मात्र साहेबाचा होता. खेळायचे पैसे घ्यायचे नाहीत. ज्याच्या घरी इस्टेट आहे त्याला हा नियम सोपा. खाणकामगाराचा मात्र सामन्यासाठी खाडा पडला की मजुरी बुडायची. बुडालेली मजुरी तरी द्या, एवढंच उत्तर इंग्लंडच्या क्लबांचं म्हणणं होतं. ते मान्य झालं नाही, म्हणून १८९५ मध्ये ते फुटून निघाले आणि रग्बी लीग हा वेगळा खेळच तयार झाला. वेल्स जुन्या बाजूला राहिलं, पण तिथला गरीब खेळाडू अडचणीत आला की 'उत्तरेला' जायचा, पैसे घेऊन लीग खेळायचा. मग जुन्या खेळाचे दरवाजे त्याला बंद.

यातला एक किस्सा फार बोलका आहे. न्यूपोर्टचा आर्थर गूल्ड हा वेल्सचा लाडका कप्तान. तो निवृत्त होताना लोकांनी वर्गणी काढली आणि १८९७ मध्ये त्याला चक्क एक घर भेट दिलं. झालं! हे बक्षीस म्हणजे पगारच, असं म्हणून आंतरराष्ट्रीय मंडळात गदारोळ झाला, वेल्सची संघटना मंडळातून बाहेर पडली आणि काही काळ तिच्याशी सामने बंद झाले. लोकांनी प्रेमाने दिलेलं घर, आणि त्यावर एवढं रामायण.

तरी हौशी राहूनही या गावांनी काय करून दाखवलं? ३१ ऑक्टोबर १९७२, मंगळवार. लानेली या पत्र्याच्या कारखान्यांच्या गावाने न्यूझीलंडच्या जगप्रसिद्ध 'ऑल ब्लॅक्स' संघाला ९-३ ने हरवलं. देशाच्या संघाने नव्हे, एका गावाच्या क्लबाने.

मग १९९५ मध्ये जागतिक मंडळाने हौशीपणाची अट काढून टाकली. पगार सुरू झाले, खर्च वाढले आणि लहान गावांना मोठे संघ पोसवेनात. २००३ मध्ये वेल्सने वरच्या पातळीसाठी गावांऐवजी पाच 'विभाग' केले. पाँटिप्रिड आणि ब्रिजेंड या दोन गावांचा मिळून एक संघ झाला आणि वर्षभरात, २००४ मध्ये, तो बंदही झाला. खालच्या पातळीवर दोन्ही क्लब खेळत राहिले, पण ज्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या तिथे गळे फोडले त्यांना पहिल्या दर्जाच्या खेळात ओरडायला 'आपलं' काही उरलं नाही.

आता आपल्याकडे या. रग्बी आपल्याकडेही आहे, मुंबईला १८७५ च्या बॉम्बे जिमखान्यावर ती खेळली जाते. पण जिमखाना हा साहेबाचा. वेल्सच्या गावच्या क्लबाचा खरा भाऊ मला दिसतो तो कोल्हापुरात, आणि तोही फुटबॉलमध्ये.

तिथल्या संघांची नावं नुसती वाचा : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, जुना बुधवार पेठ. यात 'युनायटेड' नाही की 'सिटी' नाही. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, पैलवानांना खुराक दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं. पेठेपेठेतल्या तालमीत तरणी पोरं, त्यांचा वस्ताद आणि पेठेची इज्जत हे सगळं आधीच तयार होतं. फुटबॉल नंतर आला आणि पाहुणा म्हणून तिथेच राहिला. राजाराम महाराजांच्या काळात, १९४० मध्ये, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन (सगळे केएसए म्हणतात) निघाली. १९६० मध्ये शाहू स्टेडियम झालं. मोठ्या सामन्याला तिथे आजही हजारोंनी माणसं जमतात, आणि तीही आयएसएल नव्हे, स्थानिक लीग बघायला! २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

साहेबाच्या 'अमॅच्युअर' या शब्दाचं मूळ 'प्रेम करणारा' असं आहे. आपला 'हौशी' हौसेवरून आला. अर्थ तसा एकच. पण साहेबाने प्रेमाचा अर्थ 'पैसे न घेणं' असा लावला. आपल्याकडे इनाम घेतल्याने पैलवान बाटला असं कधी कुणी म्हटलं नाही. राजाचा खुराक खाऊन, मैदानात फेटा आणि बक्षीस घेऊन तो पेठेचाच राहिला. आर्थर गूल्ड कोल्हापुरात जन्मला असता तर त्या घरासकट त्याची हत्तीवरून मिरवणूक निघाली असती. म्हणून मला वाटतं, हौशीपणाची खरी कसोटी पैसा नाही. क्लब कुणाचा, हा प्रश्न खरा.

याचा अर्थ कोल्हापुरात सगळं गोडीगुलाबीचं आहे असं नाही. चषकांना पुढाऱ्यांची नावं लागतात, रोख बक्षिसं लागतात. तालमी परदेशी खेळाडू आणतात, त्यात आफ्रिकेतले जास्त, आणि पेठेतलं पोरगं बाकावर बसतं. दर मोसमात नोंदणीच्या वेळी कोण कुठल्या तालमीत गेला याची कुजबुज असते. समर्थकांच्या मारामाऱ्या होतात, सामने थांबतात. या ईर्षेला गोंडस नाव देण्यात अर्थ नाही. पण खेळाडू तालीम बदलतो, पेठ मात्र तालीम बदलत नाही. संघ हरला, खालच्या गटात गेला, तरी गल्लीतला माणूस दुसऱ्या संघाचा होत नाही. वेल्समध्ये २००३ ला नेमका हाच धागा तुटला. संघटनेने कागदावर विभाग आखले, आणि माणसं कागदाला 'आमचं' म्हणेनात.

आणि तालीम फक्त मोसमापुरती नसते. गणपती तिचा, शिवजयंती तिची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा पूर शहरात शिरला तेव्हा माणसं बाहेर काढायला, जेवण पोचवायला तालमींची आणि मंडळांची हीच पोरं धावली. पोरं एकमेकांना ओळखत होती, हाक कुणाला मारायची हे माहीत होतं. हे संघटन एका रात्रीत उभं राहत नाही. ते आधीच असावं लागतं, वर्षभर, कुठल्या तरी खेळाच्या निमित्ताने.

आपल्या नगरचं काय? २०२५ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र केसरीची स्पर्धा इथे वाडिया पार्कला झाली. पृथ्वीराज मोहोळने गदा आणि चारचाकी गाडी जिंकली, पंचांच्या निर्णयावरून मोठा राडाही झाला. गर्दी प्रचंड. म्हणजे कुस्तीचं वेड इथेही आहे, जुन्या गावात तालमीही आहेत. पण एका आठवड्याची गर्दी वेगळी आणि दर आठवड्याला आपल्या गल्लीच्या पोरांसाठी घसा बसवणारे दोनशे लोक वेगळे. पहिली गोष्ट मांडव घालून होते. दुसरीला कुणीतरी दररोज संध्याकाळी कुलूप उघडावं लागतं, बॉल फुगवावा लागतो, वर्गणीची वही ठेवावी लागते. वेल्समध्ये आणि कोल्हापुरात असं कुलूप उघडणारी माणसं पिढ्यान् पिढ्या मिळत गेली, एवढंच तिथल्या क्लबांचं गुपित असावं.

असो. खेळ कोणता, याला माझ्या लेखी फार महत्त्व नाही. खो-खो चालेल, कबड्डी चालेल. नगरच्या एखाद्या पेठेने दर रविवारी सकाळी शेजारच्या पेठेशी सामना ठरवावा आणि तो वीस वर्षं चुकवू नये, एवढीच इच्छा. आणि आमच्या कोल्हापूरकर नातेवाइकांना, ज्यांच्या तालमीचं नाव वर राहून गेलं असेल त्यांना, रविवारी फोन करून भांडायची पूर्ण मुभा आहे.