कूटबद्ध चकती-विभाग
कूटबद्ध चकती-विभाग : संगणकाच्या हार्ड डिस्कचा, म्हणजे साठवण-चकतीचा, असा भाग की ज्यावरील सर्व माहिती कूटरूपात साठविली जाते व योग्य परवलीच्या शब्दाशिवाय वाचता येत नाही. संगणक सुरू करताना विचारला जाणारा नेहमीचा परवलीचा शब्द केवळ चालू प्रणालीचे रक्षण करतो. चकती काढून दुसऱ्या यंत्रास जोडल्यास तिच्यावरील मजकूर सहज वाचता येतो. चोरीस गेलेल्या वा दुरुस्तीस दिलेल्या यंत्रातील माहिती उघडी पडू नये, हा कूटबद्ध विभागाचा हेतू होय. चालू विभागाचे नंतर कूटबद्ध विभागात रूपांतर करणे जोखमीचे असल्याने लिनक्स प्रणालीत तो बहुधा स्थापनेच्या वेळीच तयार करतात.

इतिहास : अमेरिकेने १९७७ मध्ये ५६ बिटांच्या किल्लीची कूटपद्धती प्रमाण म्हणून स्वीकारली. १९९८ मध्ये खास बनविलेल्या एका यंत्राने तिची किल्ली तीन दिवसांच्या आत शोधून काढली. दोन बेल्जियन गूढलेखनतज्ञांनी रचलेली नवी पद्धती २००१ मध्ये तिच्या जागी आली. लिनक्सच्या गाभ्यात संपूर्ण विभाग कूटबद्ध करणारी ‘डीएम-क्रिप्ट’ ही यंत्रणा २००४ मध्ये समाविष्ट झाली. पाठोपाठ क्लेमेन्स फ्रूविर्ट यांनी ‘लक्स’ ही प्रमाण रचना मांडली.

रचना : लक्समध्ये माहिती एका यादृच्छिक मुख्य किल्लीने कूटबद्ध होते आणि ही किल्ली परवलीच्या शब्दाने झाकून विभागाच्या आरंभी ठेवली जाते. त्यामुळे परवलीचा शब्द बदलला, तरी सर्व माहिती पुन्हा लिहावी लागत नाही. पहिल्या आवृत्तीत असे आठ शब्द ठेवता येत. अकोल्यासारख्या जिल्ह्याच्या कोषागारांत दुहेरी कुलपाची पद्धत रूढ होती. तीत दोन अधिकाऱ्यांच्या दोन्ही किल्ल्या लागत. लक्समध्ये याउलट कोणताही एक शब्द पुरतो. म्हणून सर्वांत दुबळ्या शब्दाइतकीच सुरक्षितता राहते. चालू स्मृतीतील मजकूर तात्पुरता उतरविण्याचा ‘स्वॅप’ विभागही कूटबद्ध करावा लागतो. एरवी गुप्त मजकूर तेथे उघडा राहू शकतो.

मराठीतील सोय : विभाग पाडतानाच्या काही प्रश्नांची उत्तरे परत फिरविता येत नाहीत. एका होकाराने चकतीवरील पूर्वीची माहिती नष्ट होते. हे प्रश्न परक्या भाषेत असल्यास चुकीची शक्यता वाढते. डेबियन या लिनक्स-संचाच्या ८ एप्रिल २००७ रोजी प्रसृत झालेल्या चौथ्या आवृत्तीच्या स्थापकात कूटबद्ध विभागांची सोय व चित्ररूप पडदा या दोन्ही गोष्टी आल्या. साध्या अक्षर-पडद्यावर देवनागरीतील जोडाक्षरे व मात्रा नीट उमटत नसल्याने चित्ररूप पडदा मराठीस आवश्यक होता. सी-डॅकच्या मुंबई येथील ‘जनभारती’ प्रकल्पातून स्थापकाचे मराठी भाषांतर झाले आणि १४ फेब्रुवारी २००९ च्या पाचव्या आवृत्तीत मराठीचा समावेश झाला. मात्र संगणक सुरू होताना परवलीचा शब्द अगदी आरंभीच्या टप्प्यावर मागितला जातो. त्या वेळी देवनागरी टंकनाची सोय सहसा नसल्याने तो रोमन अक्षरांत ठेवणे सोयीचे ठरते.

मर्यादा : कूटबद्धता बंद असलेल्या यंत्राचेच रक्षण करते. यंत्र चालू असताना किल्ली स्मृतीत असते आणि वीज तोडल्यावरही ती काही क्षण टिकते, हे २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९ अन्वये विहित कारणांसाठी शासन माहिती उलगडून देण्याचा आदेश देऊ शकते. त्यात साहाय्य न केल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. परवलीचे सर्व शब्द विसरल्यास मात्र ती माहिती खुद्द मालकालाही परत मिळत नाही. यास्तव कूटबद्ध विभागातील महत्त्वाच्या माहितीची दुसरी प्रत सुरक्षितपणे अन्यत्र राखणे आवश्यक असते.