अर्धा पगार गावाने द्यायचा: मुंबई इलाख्यातल्या शाळा आणि एक साधा दिसणारा नियम

मी मूळची रसायनशास्त्राची. एमएस्सीला असताना ब्युरेटचं रीडिंग तीनदा घेतल्याशिवाय वहीत लिहायचं नाही, ही सवय अंगात मुरली. पीएचडीसाठी शिक्षणाच्या इतिहासाकडे वळले तेव्हा वाटलं होतं, चला, आता आकड्यांपासून सुटका. झालं उलटंच. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी अहवालांत आकड्यांशिवाय फारसं काही नसतं, आणि ते आकडे कोणी, कशासाठी मोजले हे मात्र कुठे लिहिलेलं नसतं.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताय, विषय शोधताय. म्हणून आज माझ्या कामातला एक तुकडा तुमच्यापुढे ठेवते. तुकडा म्हणजे एक नियम, खेड्यातली शाळा कोणाच्या पैशावर चालवायची याबद्दलचा.

आधी थोडी पार्श्वभूमी. मुंबई इलाख्यात १८४० साली सरकारने बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमलं. त्याआधी हे काम बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी करत होती. बोर्डात अध्यक्ष, तीन युरोपीय आणि तीन एतद्देशीय सभासद. एतद्देशीय म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. बोर्डाकडे सोसायटीच्या शाळा आल्या, त्या शंभर-सव्वाशेच्या घरात. आणि गंमत म्हणजे एकट्या पुरंदर तालुक्यातल्या ६३ शाळा वेगळ्या आल्या. त्या काढल्या होत्या शॉर्टरीड नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने, जो तिथे जमीन मोजणीच्या कामावर होता. अख्ख्या इलाख्यात मिळून शंभरावर आणि एका डोंगराळ तालुक्यात त्रेसष्ट! एखादा माणूस मनावर घेतो आणि नकाशाचा तोलच बदलतो. (पुरंदरवर कोणी प्रबंध घेणार असेल तर मला जरूर सांगा, मला हेवा वाटेल.)

बोर्डाचं नाव निघालं की परीक्षेत हमखास येतो तो १८४७-४८ चा वाद. शिक्षण इंग्रजीतून की मातृभाषेतून? अध्यक्ष अर्स्किन पेरी एका बाजूला, तिघे एतद्देशीय सभासद आणि कर्नल जर्व्हिस दुसऱ्या बाजूला. यावर भरपूर लिहिलं गेलंय, गाइडांतही आहे. मी तिथे थांबत नाही. माझं लक्ष अडकलं ते पैशाच्या हिशेबात.

१८५०-५१ च्या सुमाराचा बोर्डाचा एक हिशेब आहे. मला तो पहिल्यांदा भेटला डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे ठेवलेल्या निवेदनात. बोर्ड म्हणतं, इलाख्याची लोकसंख्या एक कोटी धरली तर प्रशियातल्या सांख्यिकीच्या नियमाप्रमाणे सात ते चौदा वयाचे नऊ लाख विद्यार्थी शाळेत हवेत. आणि सरकार सोय करू शकतं ती दर ६९ जणांमागे एकाची. भागाकार करून बघा, तेरा हजारांच्या आसपास येतं.

हा आकडा मी एका सेमिनारमध्ये झोकात मांडला: "दर ६९ मुलांमागे एकच शाळेत जाऊ शकत होतं." मागच्या बाकावरून एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, "मुलं म्हणजे मुलगे की मुलं?" मी गप्प. आपल्या भाषेत 'मुलांची संख्या' म्हटलं की दोन्ही अर्थ निघतात आणि मी सोयीचा तो घेतला होता. परत जाऊन पाहिलं. ते नऊ लाख फक्त मुलगे होते. मुलींचा छेदात समावेशच नव्हता. म्हणजे शाळेबाहेर राहिलेल्यांत मुली नव्हत्या असं नाही, तर शाळेबाहेर राहिलेल्यांच्या हिशेबातही त्या नव्हत्या. हे सालसुद्धा लक्षात घ्या: जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांची पुण्यातली मुलींची शाळा १८४८ मध्येच सुरू झाली होती. मुली शिकू शकतात हे कोणाला माहीत नव्हतं, अशी सबब चालणार नाही.

आकडा दिसला की अंशाआधी छेद वाचायचा, ही सवय मला त्या दिवशी लागली. प्रयोगशाळेत ती मला असायला हवी होती खरं तर.

आता नियमाकडे येते. पैसा कमी, गावं हजारो. मग बोर्डाने १८५२ मध्ये गावांपुढे एक प्रस्ताव ठेवला. गावाने शिक्षकाचा अर्धा पगार द्यावा, शाळेला जागा द्यावी, पुस्तकांचा खर्च करावा. उरलेला अर्धा पगार बोर्ड देईल. पहिल्या वाचनात मला हे फार आवडलं. लोकसहभाग! आज कुठल्याही योजनेच्या पत्रकात शोभेल. पंतोजींच्या जुन्या शाळा तरी कशावर चालायच्या? गावकऱ्यांनी दिलेल्या पैशावर आणि धान्यावरच ना. मग नवीन शाळेला गावाने हातभार लावला तर बिघडलं कुठे?

बिघडलं ते 'गाव' या शब्दात. गाव म्हणजे कोण? अर्धा पगार देणार ते गावातले देऊ शकणारे. ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत, त्याची वर्गणी नाही. आणि ज्याची वर्गणी नाही, त्याने शाळेत कोण बसेल हे कसं ठरवायचं? हे माझं अनुमान आहे असं तुम्ही म्हणाल. थांबा, पुढचा कागद बघा.

१८५५ मध्ये बोर्ड गेलं. वुडच्या १८५४ च्या खलित्यानंतर त्या जागी शिक्षण खातं आलं. पण वर्गणीची शाळा तशीच राहिली. जून १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलाने सरकारकडे अर्ज केला. फी द्यायला तयार असूनही सरकारी शाळेत प्रवेश नाकारला, ही त्याची तक्रार. मुंबई सरकारने २१ जुलैच्या ठरावात दाद दिली नाही. एकाला घेतलं तर बाकीचे शाळा सोडतील, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. पुढच्या जानेवारीत हिंदुस्थान सरकारने यावर नापसंती कळवली आणि प्रकरण लंडनपर्यंत गेलं.

आणि मग १८५८ मध्ये मुंबई सरकारने आपली भूमिका जाहीर केली. माझ्या सगळ्या कामात या एका कागदावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला असेल. पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या, असं त्यात आहे. पण ज्या शाळांचा खर्च स्थानिक लोक वाटून घेतात आणि त्या लोकांची हरकत आहे, तिथे खालच्या मानलेल्या जातींची मुलं घालण्याचा सरकारचा विचार नाही, असंही त्यातच आहे. अशा शाळेची मदत थांबवण्याचा हक्क मात्र सरकारने राखून ठेवला.

दिसलं? खर्चाची वाटणी कशी, त्यावर दार कोणाला उघडं हे ठरलं. आणि खेड्यातल्या शाळा कोणत्या प्रकारच्या होत्या? बऱ्याचशा वर्गणीच्या. १८५२ चा नियम लिहिणाऱ्याच्या मनात हे होतं असं मी म्हणत नाही. त्याला बहुधा फक्त पैसे पुरवायचे होते. पण नियमाचा हेतू आणि नियमाचं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रबंध लिहिताना त्या वेगळ्या कप्प्यांत ठेवाव्या लागतात. माझ्या पहिल्या मसुद्यात मी त्या सरमिसळ केल्या होत्या. गाइडांनी लाल पेनने पान भरून टाकलं.

वर्गणीची पद्धत पुढे टिकली नाही. ती ऐच्छिक, आणि शेतकऱ्याची इच्छा शेवटी पावसावर अवलंबून. १८६३-६४ पासून शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड घ्यायला सुरुवात झाली, त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला. १८६९ मध्ये त्याचा कायदा झाला. आता प्रत्येक सारा भरणारा शाळेसाठी पैसे देत होता, मग त्याच्या गावात शाळा असो वा नसो.

याच मुद्द्यावर महात्मा फुले १९ ऑक्टोबर १८८२ च्या हंटर कमिशनपुढच्या निवेदनात बोट ठेवतात. सरकारच्या उत्पन्नातला मोठा वाटा रयतेच्या कष्टाचा, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उपयोगी. शेतकऱ्याचं पोर शाळेत का येत नाही, तर घरी दारिद्र्य आहे आणि गुरं राखायला, शेत सांभाळायला तेच लागतं. हे निवेदन परीक्षेसाठी मुद्दे काढून वाचू नका, एका बैठकीत सलग वाचा. शिक्षकाचा पगार किती असावा इथपर्यंत ते उतरतं: कमीत कमी बारा रुपये, मोठ्या गावात पंधरा-वीस. शिक्षक शेतकरी वर्गातले असावेत. आणि शाळेबरोबरच गावचे हिशेब तपासणं, दस्त नोंदवणं, टपाल, स्टॅम्प विकणं अशी कामंही त्यांच्याकडे द्यावीत.