सोलेभाताची जमैकातली भावंडं

डिसेंबर लागला की नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग दिसू लागतात. विकत घेणारे तसे कमीच. ज्याचं वावर आहे त्याच्या घरी शेंगा पिशवी भरून येतातच, आणि ज्याचं नाही त्याच्या दारात शेजारी आणून ठेवतो. मग रात्री जेवणं आटोपली की परात मधे घेऊन सगळं घर शेंगा सोलायला बसतं. नखं हिरवी होतात, निम्मे दाणे कच्चेच तोंडात जातात. उरलेल्या सोल्यांची आमटी होते, वांग्यात पडतात, कचोरीत भरले जातात. आणि थंडीनं अंग काकडायला लागलं की सोलेभात.

नेमक्या याच दिवसांत, पृथ्वीच्या पार पलीकडे, जमैका बेटावर नाताळच्या जेवणासाठी हाच दाणा तांदळात शिजत असतो. प्वेर्तो रिको बेटावरही नाताळाचं ताट या भाताशिवाय पुरं होत नाही. किंग्स्टन आणि पोर्ट ऑफ स्पेन ही नावं आपल्याकडे क्रिकेटमुळे पाठ आहेत. १९७१ साली गावसकरांनी पहिल्याच मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा काढल्या, तेव्हापासून तर फारच. पण ती माणसं घरी काय जेवतात, याची चौकशी आपण कधी केली नाही. केली असती तर तूर भेटली असती.

तूर मूळची आपली. तिची रानातली सख्खी बहीण आजही ओडिशा, बस्तर आणि आंध्रच्या जंगलांत उगवते. २०१७ साली शास्त्रज्ञांनी तूर आणि तिच्या रानटी नातलगांच्या २९२ नमुन्यांची जनुकं तपासली, तेव्हा मूळगावाचा माग मध्य प्रदेशाकडे निघाला. म्हणजे आमच्या मेळघाटाच्या पलीकडचा मुलूख. वऱ्हाडात तिचं वास्तव्य किती जुनं, याचा पुरावा तर आमच्या जिल्ह्यातच सापडला आहे. चांदूर बाजार तालुक्यात तुळजापूर गढी नावाचं गाव आहे. तिथं १९८४-८५ साली भारतीय पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं, आणि ताम्रपाषाण काळातल्या वस्तीच्या थरांत जळून कोळसा झालेली धान्यं मिळाली. त्यांत तूर होती. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी इथल्या चुलीवर तूर शिजत होती. खंडेश्वराचं यादवकालीन हेमाडपंती देऊळ आम्ही पाहुण्यांना जुनं म्हणून मोठ्या कौतुकानं दाखवतो. तुरीपुढे ते कालपरवाचं.

इथून ती समुद्रमार्गे पूर्व आफ्रिकेत गेली आणि तिथून खंडभर पसरली. पुढचा प्रवास मात्र गुलामांच्या जहाजांतून झाला. अटलांटिक ओलांडणाऱ्या या जहाजांबरोबर आफ्रिकेतली पिकंही कॅरिबियन बेटांवर उतरली, त्यांत तूर होती. तिथल्या नावांत ही वाट अजून टिकून आहे: जमैकात ती ‘गुंगो’, हैतीत ‘काँगोचा वाटाणा’, ग्वादलूपमध्ये ‘अंगोलाचा वाटाणा’. बार्बाडोसमध्ये ती कबुतरांना खाऊ घालत, म्हणून इंग्रजांनी तिला कबुतरांचा वाटाणा म्हटलं आणि जगभर तेच नाव चाललं. मळ्यातली चांगली जमीन उसाला लागे. गुलामांना स्वतःचं पोट भरायला डोंगरउतारावरचे हलके तुकडे मिळत. अशा जागी तुरीइतकं सोयीचं पीक नाही. पाणी मागत नाही, मुळं खोल जातात, जमिनीला नत्र देते आणि राखली तर तीन-चार वर्षं झाड उभं राहतं. आपण दरवर्षी पेरून दरवर्षी कापतो, म्हणून तूर मुळात झुडूप आहे हे विसरायला होतं.

आपल्या गिरमिटियांनी डाळीच्या ओढीनं तूर तिकडे नेली, असं कुणालाही वाटेल. तसं झालेलं नाही. त्या मजुरांचं पहिलं जहाज, ‘फतेल रझाक’, त्रिनिदादला लागलं ३० मे १८४५ रोजी. त्याआधी दीडशेहून अधिक वर्षं तूर त्या बेटांवर रुजलेली होती. बिहार-अवधातून गेलेल्या त्या माणसांना परक्या मुलखात आपली अरहर वाट पाहत उभी असलेली दिसली, तेव्हा काय वाटलं असेल! त्रिनिदादमध्ये आज साखर करपवून, त्या रंगात कोंबडी, तांदूळ आणि ओले सोले शिजवतात. त्याला ‘पेलाव’ म्हणतात, म्हणजे आपला पुलावच.

आता, दोन्हीकडे शेंगा डिसेंबरातच का भरतात? तूर दिवस मोजते. मृगात पेरली की दसऱ्यापर्यंत ती नुसती पाल्यानं वाढत राहते. रात्र मोठी आणि दिवस लहान होऊ लागला की तिला फुलं धरतात. दिवसाच्या लांबीला फारसं न जुमानणारे कमी मुदतीचे वाण आता निघाले आहेत. पण अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा ‘पीकेव्ही तारा’ किंवा सगळीकडे पेरली जाणारी ‘आशा’ हे मध्यम मुदतीचे वाण ही जुनी सवय सोडत नाहीत. नांदगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण २१ अंशांवर, जमैका १८ अंशांवर. दिवस लहान होण्याचं वेळापत्रक जवळपास एकच. तुरीनं खंड बदलले, अक्षांश बदलले नाहीत. म्हणून इकडची संक्रांत आणि तिकडचा नाताळ एकाच शेंगेवर साजरे होतात.

या व्यवहारात आपलं पारडं हलकं नाही. तिकडून मिरची आली. १४९३ च्या जानेवारीत कोलंबसानं हिस्पॅनिओला बेटावरची मिरची रोजनिशीत नोंदवली आणि ती मिऱ्यांहून सरस असल्याचं लिहून ठेवलं. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती आपल्या किनाऱ्यावर उतरवली. ठेच्याशिवायचं वऱ्हाड कसं जेवत असेल, ही कल्पना मला तरी करवत नाही.

जमैकाचा हा भात नांदगावच्या स्वयंपाकघरात बेताच्या सामानात होतो. दोन वाट्या सोले नारळाच्या पातळ दुधात ठेचलेला लसूण, पातीचा कांदा, मीठ आणि चार-सहा मिरे घालून मऊ शिजवायचे. मिऱ्यांच्या जागी ते लोक ऑलस्पाइसचे दाणे घालतात. एक लवंग टाकली तर चव थोडी जवळ जाते. थाइम आपल्याकडे सहसा मिळत नाही, पण कुंडीतला पानओवा तिथल्या काही बेटांवर रुंद पानांचं थाइम म्हणूनच वापरतात, तेव्हा दोन पानं बिनधास्त टाकावी. मग दीड वाटी धुतलेला तांदूळ. खरी गंमत मिरचीची. एक अख्खी मिरची देठासकट, न चिरता, वर ठेवायची आणि भात होताच अलगद काढून घ्यायची. फुटली तर जाळ, नाही फुटली तर नुसता सुवास. त्यांची ती टोपीसारखी गोल मिरची भलतीच जहाल असते, म्हणून ही खबरदारी. मंद आचेवर झाकण ठेवून दाणा मोकळा होऊ द्यायचा. प्वेर्तो रिकोत तळाशी धरलेल्या खरपुडीसाठी घरात भांडणं होतात, तेव्हा शेवटी आच किंचित वाढवायला हरकत नाही.

आमच्याकडे हा भात पानात पडल्यावर आत्यानं दोन घास खाल्ले आणि विचारलं, “भात बरा हाय वो, पन फोडनी कुठी गेली?” प्रश्न रास्त होता. आपल्या सोलेभातात सोले तेलात डाग पडेपर्यंत परततात, लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटण आणि काळा मसाला पडतो, आणि पानात वरून कडकडीत फोडणीचं तेल. त्यापुढे जमैकाचा भात मवाळ, गोडसर, नारळाच्या अंगाचा. माझं मत विचाराल तर थंडीच्या रात्री सोलेभातच भारी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शिळा खायला जमैकावाला सरस निघाला, हे आत्याही नाकारत नाही.

करून पाहायचा असेल तर संक्रांतीच्या आसपासच करा. पुढे शेंगा वाळतात, तुरीची कापणी होते आणि मग बाजारात उरते ती डाळ. डाळीचा हा भात होत नाही, त्याची खिचडी होते.